‘घामाने भिजतोच, मग रेनकोट कशाला?’ असं विचारणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

दुचाकीवरून कामाला जाताना पावसात कोरडं कसं राहावं, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. वाचली तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण घरून सल्ला मिळाला की आज नको, उद्या लिहा. म्हणून आज लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की रेनकोट घातला तरी माणूस आतून घामाने भिजतोच, मग बाहेरून भिजला काय नि आतून भिजला काय, सारखंच. त्यापेक्षा कामाच्या ठिकाणी एक जोड कपडे ठेवावेत. हल्ली वाफ बाहेर सोडणारं कापड मिळतं, त्याचा लेखकाला पत्ता नाही. गमबुटात गिअर नीट पडत नाही. आणि शेवटी, ‘लेखकाने पावसात कधी गाडी चालवली असेल असं वाटत नाही, खोलीत बसून लिहिलेलं दिसतंय.’

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते मला लागलं. सल्ला पटला नाही तर पटला नाही म्हणा, माझी हरकत नाही. पण ज्याला तुम्ही ओळखत नाही, ज्याचा एकच लेख वाचलाय, त्याने आयुष्यात काय केलं नि काय नाही हे ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

मी चिपळूणचा. नोकरी लोट्याच्या एमआयडीसीत, तीही शिफ्टची. बहादूरशेख नाक्यावरून वाशिष्ठी नदीचा पूल ओलांडायचा, परशुराम घाट चढायचा आणि लोट्याला पोचायचं, हा माझा रोजचा रस्ता. फर्स्ट शिफ्ट असली की अंधारात निघायचं आणि सेकंड असली की अंधारात परतायचं. इथला पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरतो तो गणपती होऊन गेले तरी हटत नाही. चौपदरीकरणासाठी घाटाचा डोंगर कापला तेव्हापासून त्या पावसात लाल चिखलही रस्त्यावर येतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी गावात शिरली तेव्हा माझी गाडी पाण्याखाली गेली, खुंटीवरचा रेनकोट चिखलात गेला. गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी पेट्रोल भरायच्या आधी मी नवा रेनकोट घेतला. खोलीत बसून लिहिणारा माणूस असं करत नाही. माझ्याबरोबर लोट्याला ये-जा करणाऱ्या कुणालाही विचारा, कुणीतरी नक्की म्हणेल की ह्याने मला माझ्या पँटची शिलाई उलटी करून दाखवायला लावली होती.

आता मुद्द्यावर येतो. ‘बाहेरून भिजला काय नि आतून भिजला काय, सारखंच.’ हे एकच वाक्य असं आहे की ते वाचून एखादा तरुण पोरगा रेनकोट घरी टाकून निघेल, म्हणून त्यालाच सविस्तर उत्तर देतो.

सारखं नाही. घामाने ओला झालेला माणूस रेनकोटच्या आत असतो, त्याच्या अंगाला वारा लागत नाही. पावसाने भिजलेल्या माणसाच्या ओल्या शर्टावर ताशी पन्नास किलोमीटरचा वारा सरळ आदळत असतो. सगळा फरक इथे आहे. पाण्याचा एक ग्रॅम अंगावर सुकायचा तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती अंगातूनच ओढली जाते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने तुमची छाती गार होते. शिवाय वरून नवं पाणी येतच असतं आणि पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. रेनकोटच्या आतला घाम मात्र अंगाच्याच उष्णतेने कोमट होतो आणि तिथेच राहतो. चिकचिक होते, नको वाटतं, मान्य. पण माणूस काकडत नाही.

काकडणं म्हणजे नुसती हुडहुडी नव्हे. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत धड रेनकोट घ्यायची माझी ऐपत नव्हती. जाड पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा छातीशी धरून, वर शर्ट घालून मी जायचो. सेकंड शिफ्ट सुटून घाट उतरताना एका रात्री डाव्या हाताची बोटं इतकी आखडली की क्लच दाबला जाईना. दाबलाय असं वाटायचं, पण लिव्हर अर्ध्यावरच. उजव्या हाताचीही तीच गत, म्हणजे पुढचा ब्रेकही बोटांच्या भरवशावर नाही. मागून टँकर उतरत होता. मी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, दोन्ही हात काखेत घालून उभा राहिलो आणि टँकर पुढे गेल्यावर, बोटांत जीव आल्यावर, पहिल्या गिअरमध्ये खाली आलो. त्या रात्री मला घाम आला असता तर मी देवाचे आभार मानले असते. हा अनुभव असणाऱ्या माणसाला तुम्ही सांगताय की दोन्ही सारखंच?

दुसरं, घाम कमीही करता येतो. लेखात ते लिहिलंय, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं. लोक घरातच रेनकोट चढवतात, मग चप्पल शोधतात, डबा घेतात, गाडी बाहेर काढतात. अर्धा घाम तिथेच येतो. रेनकोट गाडीपाशी उभं राहून अगदी शेवटी घालायचा आणि निघायचं. एक माप मोठा घ्यायचा, म्हणजे आत हवेचा थर राहतो. आतून जाळीचं अस्तर असलेला घ्यायचा, म्हणजे गार कापडाला आतून धरलेले थेंब कातडीला चिकटत नाहीत. आणि आत सुती शर्ट नको, पातळ सिंथेटिक बनियान पुरे. शर्ट घडी करून पिशवीत.

सुती शर्टाचं आणखी एक सांगतो, कारण ‘रेनकोट गळतो’ म्हणून जी ओरड होते त्यात हे फार वेळा निघतं. रेनकोटच्या बाहीतून शर्टाचा कफ बोटभर जरी बाहेर डोकावत असला तरी तो पाणी शोषतो, आणि ते पाणी सुतासुताने आत चढत जातं. वीस मिनिटांत कोपरापर्यंत बाही ओली. रेनकोट जागच्या जागी ठीक असतो, पण माणूस दुकानदाराशी भांडतो. कॉलरचंही तसंच. गळ्याभोवती कोरडा पंचा गुंडाळणारे पाहतो मी. तो पंचा पहिल्या दहा मिनिटांत ओला होतो आणि मग सगळं पाणी पाठीत सोडतो.

आणि पाऊस मुळात येतो कुठून? आपल्या डोक्यात बसलंय की वरून येतो. मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने पडतो, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर. तुम्ही पन्नासने चाललात तर तुमच्यापुरता तो वरून कमी आणि समोरून जास्त येतो. म्हणून उभ्या माणसाला कोरडा ठेवणारा रेनकोट दुचाकीवर हरतो. पाणी छातीवरच्या चेनवर सरळ मारा करतं. चेनवर दुहेरी पट्टी हवी आणि ती वेल्क्रोने पूर्ण बंद व्हायला हवी. ही पट्टी नसेल तर जुनी माणसं जॅकेट उलटं, म्हणजे चेन पाठीवर येईल असं घालतात. दिसायला कसंही दिसो, पण छाती कोरडी राहते.

आमच्याकडे लावणीला बायका अजून कुठे कुठे इरलं घेतात. पाठीवर बांबूची चौकट आणि पानं, समोरून सगळं मोकळं, त्यामुळे वाकून काम करताना घाम कोंडत नाही. तुम्हाला हवं असलेलं ‘हवा खेळणारं’ साधन हेच. पण ते वाकलेल्या, एका जागी काम करणाऱ्या माणसासाठी आहे. गाडीवर वारा आत भरला की ते माणसालाच ओढून नेईल. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा मोकळा झग्यासारखा रेनकोट, घालून गाडी चालवणाऱ्यांनाही मी म्हणूनच हटकतो.

कापडाबद्दल. मला पत्ता नाही असं तुम्ही लिहिलंत. गोरटेक्स हे वाफ बाहेर सोडणारं कापड १९६९ साली सापडलं आणि १९७६ पासून विकायला आलं, एवढा पत्ता आहे मला. त्यातून वाफ बाहेर जाते ती आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त दमट असेल तेव्हा. कोकणातल्या जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. त्यात या कापडाच्या वरच्या थरावर थेंब घरंगळून जावेत म्हणून जो लेप असतो तो धुण्याने नि घासण्याने उतरतो. मग वरचं कापड पाणी पिऊन बसतं आणि वाफेला वाट उरत नाही. डोंगर चढणाऱ्याला ते उत्तम असेल, मला शंका नाही. पण ज्याला चार महिने रोज, चिखलाच्या पाण्यात, ट्रकच्या चाकांमागून जायचंय, त्याने हजारो रुपये त्यात घालावेत असं मी सांगणार नाही. साध्या पीयू किंवा पीव्हीसीच्या, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेल्या, जॅकेट-पँटला शिलाईवर आतून टेप नीट चिकटवलेली असेल तर ती पुरते.

कामावर कपड्यांचा जोड ठेवावा म्हणता, तर ठेवा की. मीही ठेवतो. पण कामावर पोचल्यावर कपडे बदलून रस्त्यावरचा अर्धा तास कोरडा होत नाही. ओले काढलेले कपडे आठ तासांत वाळत नाहीत, चार दिवसांतही वाळत नाहीत, आणि घरी परत कशातून जायचं? ओली अंतर्वस्त्रं घालून शिफ्ट काढणाऱ्यांच्या जांघेत नायटा नि पायाच्या बोटांत चिखल्या दर पावसाळ्यात बघतो. फॅक्टरीच्या दवाखान्यातली मलमाची ट्यूब त्यावरच संपते.

गमबुटाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. जाड तळव्याचा गमबूट गिअरच्या दांडीखाली सहज जात नाही, हे मी लेखात लिहायला हवं होतं. पातळ तळव्याचा आणि पुढे निमुळता बघून घ्यावा, दुकानाबाहेर उभ्या गाडीवर पाय टाकून बघावा. पँट मात्र बुटाच्या बाहेरूनच सोडायची, आत खोचायची नाही, नाहीतर बूट भरतो.

बाकी लेख लांबलाय, भाषा उपदेशाची आहे वगैरे जे लिहिलंत त्याला उत्तर देत नाही.

फक्त एक राहिलं. प्रतिक्रियेच्या मधेच तुम्ही लिहिलंय की तुमचा स्वतःचा रेनकोट ‘चांगल्या कंपनीचा असून’ पँट ओली होते आणि ते ‘घामामुळेच’. पँट कुठे ओली होते, हे तुम्ही लिहिलं नाहीत. जांघेपाशी नि बुडाखाली होत असेल तर तो घाम नव्हे. पेट्रोलची टाकी आणि मांड्या यांच्यामध्ये सीटवर पाण्याचं डबकं साचतं, आपण त्यात बसलेलो असतो, आणि नेमकी तिथेच पँटच्या चारही शिलाया एकत्र येतात. अंगाच्या वजनाने ते पाणी शिलाईच्या भोकांतून आत दाबलं जातं. घडी करून डिकीत कोंबल्याने तिथली टेपच सगळ्यात आधी सुटते. सीटचं कव्हर फाटलेलं असेल तर आतला फोम दिवसभर पाणी धरून ठेवतो आणि पाऊस थांबला तरी तुम्हाला भिजवतो.

आज घरी गेलात की पँट उलटी करा, आतली बाजू बाहेर. एकाने कंबर आणि दुसऱ्याने पायांची टोकं धरून ती झोळीसारखी टांगायची आणि चारही शिलाया मिळतात तिथे साचेल असं एक मग पाणी कंबरेतून आत ओतायचं. पाच मिनिटं थांबा. खालून थेंब पडले तर जिथून पडले तिथे पेनाने खूण करा, पँट पुसून पूर्ण वाळवा, आणि शिलाई बुजवायच्या सोल्युशनचा पातळ हात आतून मारून रात्रभर राहू द्या. इस्त्री लावू नका, उन्हात टाकू नका.

थेंब नाही पडले तर तसं इथे लिहा. तुमची पँट घामानेच ओली होते असं मी लेखात तुमच्या प्रतिक्रियेचा दाखला देऊन टाकीन. पण ते लिहिण्याआधी, मी पावसात गाडी चालवलीच नसेल हे तुमचं वाक्य काढा.