ती नदीतच होती: एका फिरत्या संदेशाला उत्तर

मागच्या आठवड्यात मिरजेहून मावशीने मला एक लांबलचक संदेश पुढे पाठवला आणि त्याखाली एवढेच लिहिले, "त्या नवऱ्यानेच केलं असणार, नाही का गं?" हा संदेश जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यात बेपत्ता झालेल्या एका ४५ वर्षांच्या महिलेबद्दल आहे. संदेशात तिचे नाव ओळीओळीला येते. मी ते येथे लिहिणार नाही, कारण ते पुरेसे चघळून झाले आहे. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे की, पोलिसांनी बुडाल्याची कहाणी रचली. फोन बाकावर मुद्दाम ठेवला गेला. कुत्रा कोरडा होता. खासगी पाणबुड्यांना नदीत काही मिळाले नाही, म्हणजे मृतदेह नंतर आणून टाकला. तिचा जोडीदार वाजवीपेक्षा शांत होता. आणि अखेरीस मृतदेह सापडला तो सामान्य माणसांना, त्यामुळे इंटरनेटवरचे हौशी शोधकच खरे ठरले.

आधी घडले ते सांगते. २७ जानेवारीच्या सकाळी मुलींना शाळेत सोडून ती सेंट मायकल्स ऑन वायर या गावाजवळ वायर नदीच्या काठाने कुत्र्याला फिरवत होती. नऊ वाजून एक मिनिटाने ती कार्यालयाच्या बैठकीला फोनवरून जोडली गेली. कॅमेरा आणि आवाज बंद ठेवून ती नुसती ऐकत होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी एका माणसाने तिला पाहिले, ते शेवटचे. साडेनऊला बैठक संपली आणि त्यानंतर काही मिनिटांतच बाकावर तिचा फोन, जमिनीवर पडलेला कुत्र्याचा अंगपट्टा आणि मोकळा फिरणारा कुत्रा लोकांना दिसला. १९ फेब्रुवारीला, तेथून सुमारे दीड किलोमीटर खाली, नदीकाठच्या लव्हाळ्यात तिचा मृतदेह सापडला. जून २०२३ मध्ये प्रेस्टन येथे मृत्युचौकशी झाली. कोरोनर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, डॉ. जेम्स अॅडली यांनी साक्षी नोंदवून अपघाती बुडून मृत्यू, असा निष्कर्ष दिला. कोरोनर हे पद पूर्वी मुंबईतही होते, त्यामुळे जुन्या लोकांना ते परके नाही. माझे बहुतेक उत्तर या मृत्युचौकशीवरच उभे आहे. तिथे शपथेवर झालेल्या साक्षी जगासमोर खुल्या असताना हा संदेश त्यांचा उल्लेखही करत नाही, याची मला विशेष चीड येते.

बाकावरच्या फोनमध्ये गूढ काही नाही. बैठक ऐकता ऐकता कुत्र्याला पट्टा घालण्यासाठी दोन्ही हात मोकळे हवे असतील, तर कोणीही फोन शेजारी ठेवील. कुत्रा कोरडा असण्यावरून एवढेच कळते की कुत्रा पाण्यात गेला नाही.

मृतदेह नंतर आणून टाकल्याचा दावा मात्र नीट पाहायला हवा, कारण मावशीलाही तोच सर्वांत पटला होता. आमच्याकडे कृष्णेकाठी बुडालेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येतो, असे लहानपणापासून ऐकलेले असते आणि आपल्या उन्हाळ्यातल्या पाण्यापुरते ते बव्हंशी खरेही असते. शरीर कुजताना आत वायू साठतो आणि त्याने ते तरंगते. जानेवारीतल्या वायर नदीचे पाणी जेमतेम चार-पाच अंशांचे असते. अशा पाण्यात कुजण्याची क्रिया अतिशय मंदावते आणि शरीर आठवडे न् आठवडे तळाशी राहू शकते. खासगी पाणबुड्यांचा गट ध्वनिलहरींच्या यंत्राने जे धुंडाळत होता तो नदीचा तळ होता; लव्हाळ्याची बेटे त्यांच्या शोधात नव्हती, असे त्या गटाच्या प्रमुखानेच नंतर सांगितले. अर्थात, ती नदीत नाही असे त्याने आधी ठामपणे सांगितले होते आणि त्याच एका विधानावर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला.

याहून महत्त्वाची साक्ष शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची आहे. पाण्यात पडली तेव्हा ती जिवंत होती आणि दुसऱ्या कोणी इजा केल्याचा कसलाही पुरावा शरीरावर नाही, असे त्यांनी सांगितले. थंड पाण्याचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासणारे प्राध्यापक माइक टिप्टन यांनीही साक्ष दिली. एकदम गार पाण्यात पडल्यावर माणसाला आपोआप मोठी धाप लागते, ती रोखणे त्याच्या हाती नसते आणि तोंड पाण्याखाली असेल तर एकदोन श्वासांत सगळे संपते. चांगले पोहणारे माणूस ओरडले का नाही, हातपाय मारले का नाहीत, या संदेशातल्या प्रश्नांना याच साक्षीत उत्तर आहे.

आता जोडीदाराबद्दल. "बायको हरवली आणि हा माणूस दूरदर्शनवर इतक्या शांतपणे बोलतो कसा?" हे वाक्य संदेशात ठळक अक्षरांत आहे. मृत्युचौकशीत त्याच्याविरुद्ध काहीही निघाले नाही. पण त्या तीन आठवड्यांत त्याच्या चेहऱ्याचे, हातवाऱ्यांचे, डोळ्यांच्या उघडझापीचे अर्थ लावणाऱ्या चित्रफिती लाखो लोकांनी पाहिल्या. लोक चित्रीकरण करण्यासाठी त्या लहानशा गावात येऊन धडकले, नदीकाठच्या एका रिकाम्या घरात शिरले, रानात खणू लागले आणि शेवटी बाहेरून आलेल्यांना गावातून हटवण्याचा आदेश पोलिसांना काढावा लागला. मृतदेहाची ओळख पटल्यावर कुटुंबाने जे निवेदन दिले त्यातही जोडीदारावर झालेल्या आरोपांचा संताप आहे. घरात दोन लहान मुली होत्या, हे संदेश लिहिणाऱ्यांना माहीत आहे, कारण त्यांनी तेही लिहिले आहे.

मावशीने हा मुद्दा खरा मानावा याचे मला फार वाईट वाटले. दोन वर्षांपूर्वी काका स्मृतिभ्रंशाच्या आजारात पहाटे घराबाहेर पडले आणि चार दिवस सापडले नाहीत. त्या चार दिवसांत मावशी रडली नाही. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर फोन मांडीवर ठेवून बसायची आणि प्रत्येक फोन पहिल्या घंटेला उचलायची. गल्लीतल्या दोघीतिघींनी तेव्हा काय म्हटले होते ते तिने मला नंतर स्वतः सांगितले: "नवरा गेला तरी हिच्या डोळ्यांत पाणी नाही, काहीतरी पाणी मुरतंय." मी तिला फोनवर याची आठवण दिली, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. हरवलेल्या माणसाच्या घरचे लोक कसे दिसतात हे तिला कोणाही शोधकापेक्षा अधिक ठाऊक आहे.

पोलिसांच्या बाबतीत संदेशात अर्धसत्य आहे आणि ते मी मनाविरुद्ध मान्य करते. लँकशायर पोलिसांनी माहिती देण्यात हात आखडता घेतला, त्यामुळे अफवांना रान मोकळे मिळाले; आणि पुढे दबाव वाढल्यावर त्यांनी तिच्या आरोग्याच्या अतिशय खासगी गोष्टी जाहीर करून टाकल्या. पोलिसांचे प्रशिक्षण आणि कामाचे निकष पाहणाऱ्या इंग्लंडमधल्या कॉलेज ऑफ पोलिसिंग या संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये या तपासाचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा ही जाहीर वाच्यता टाळता येण्याजोगी आणि अनावश्यक होती असे स्पष्ट लिहिले. पण त्याच आढाव्यात शोधकार्य आणि तपास नीट झाल्याचेही म्हटले आहे. बोलण्यात चूक झाली म्हणून तपासही खोटा होता, असे होत नाही.

राहता राहिला शेवटचा दावा. मृतदेह नदीकाठी चालणाऱ्या दोघांना दिसला आणि त्यांनी पोलिसांना कळवले, हे खरे आहे. त्यांच्यापैकी एकजण स्वतःला अतींद्रिय शक्ती असल्याचे सांगतो, हेही संदेशाने मोठ्या उत्साहाने नोंदवले आहे. परंतु मृतदेह जिथे सापडला ती नदी होती, आणि ती नदीत पडली असावी हे पोलिसांचे सुरुवातीपासूनचे गृहीतक होते. रिकाम्या घराचे तळघर, अपहरण, पळून जाणे, जोडीदाराचा डाव, यांपैकी एकही तर्क खरा ठरला नाही. तरीही यश इंटरनेटचे म्हणायचे असेल, तर ते कोणत्या तर्काचे, हे संदेश लिहिणाऱ्यांनी सांगावे.

लोकांची मदत होत नाही, असे माझे म्हणणे अजिबात नाही. काका सापडले ते लोकांमुळेच. एसटी स्थानकावर लावलेला त्यांचा फोटो पंढरपूरच्या एका मठात सेवेला असलेल्या गृहस्थांनी ओळखला आणि फोटोखाली दिलेल्या पोलीस ठाण्याच्या क्रमांकावर फोन केला. ते कोण, कुठले, का आले, घरात भांडण झाले का, यातले त्यांनी काही विचारले नाही. अंगावरचा निळा शर्ट आणि कपाळावरचा व्रण जुळतो, एवढेच सांगितले.

मावशीने तो संदेश तीन गटांत पाठवून ठेवला होता. काल मी मिरजेला गेले, तेव्हा आम्ही दोघींनी बसून तिन्ही ठिकाणी त्याखाली मृत्युचौकशीचा निष्कर्ष लिहिला, तारखेसह. भिशीच्या गटात लिहिताना तिने माझ्या हातून फोन घेतला आणि शेवटची ओळ स्वतः घातली: "त्या माणसाने काहीही केलेलं नाही."