ती टॉय ट्रेन नव्हती हो

गेल्या रविवारी कामानिमित्त आमच्या बडोद्यातल्याच प्रतापनगरला गेलो होतो. हाताशी वेळ होता म्हणून तिथल्या रेल्वे हेरिटेज पार्कात शिरलो. नॅरोगेजचं जुनं इंजिन रंगवून उभं आहे. एक तरुण बाप चारेक वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आला, इंजिनाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "जो बेटा, टॉय ट्रेन!"

एवढंच. त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. पण मला ते लागलं. रात्री जेवताना बायको म्हणाली, लक्ष कुठंय तुमचं? म्हटलं, आज एकानं बापूगाडीला खेळणं ठरवलं. ती हसली आणि तिनं ताटात आणखी थोडं शाक वाढलं. (हो, आमच्याकडे भाजीला शाकच म्हणतात. पुण्याच्या नातेवाइकांनी यावर बोलू नये, चाळीस वर्षं ऐकतोय.)

बापूगाडी म्हणजे आमची गायकवाडी नॅरोगेज, बडोदा संस्थानची छोटी रेल्वे. दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर. वेग असा, की तिच्यावरचा विनोद घराघरात वेगळा. आमच्या घरातला: आजोबा, म्हणजे आमचे आबा, पुढच्या डब्यातून उतरून बोरं तोडायचे आणि मागच्या डब्यात चढायचे. शेजारच्या पटेलांकडे बोरांच्या जागी चहा होता, अर्धा कप.

१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे शाळेतल्या पोरांना पाठ असतं. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांनी डभई ते मियागाम अशी वीस मैलांची लाइन टाकली. भारतातली पहिली नॅरोगेज. बी. बी. अँड सी. आय.ची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) मोठी लाइन नुकतीच बडोद्याला पोचली होती आणि मियागाम तिच्यावरचं स्टेशन. डभईकडची जमीन काळी, कापसाची. तिकडे अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटलेली, त्यामुळे हिंदुस्थानी कापसाला कधी नव्हे तो भाव. गाठी मोठ्या लाइनीपर्यंत न्यायच्या कशा? पावसाळ्यात त्या काळ्या मातीत बैलगाडीचं चाक रुतलं की रुतलं. म्हणून रूळ. आणि त्या रुळांवरचे डबे ओढायला कोण? बैलच! १८६३ मध्ये इंजिन आणून पाहिलं, तर हलके रूळ त्याचं वजन पेलेनात. पुन्हा बैल जुंपले. १८७३ मध्ये जाड रूळ पडले तेव्हा कुठे वाफेच्या इंजिनाचं बस्तान बसलं. मला ती मधली दहा वर्षं फार आवडतात. इंजिन येऊन गेलंय, पण बैलांना काही पेन्शन मिळत नाहीये.

आता बघा. दार्जिलिंगची गाडी १८८१ ची. नेरळ-माथेरान १९०७ ची. दोन्ही आमच्यापेक्षा धाकट्या. दार्जिलिंगला युनेस्कोनं १९९९ मध्येच जागतिक वारशाचा मान दिला, माथेरानला प्रत्येक मराठी माणूस एकदा तरी पोरांना घेऊन गेलेला असतो. आमच्या गाडीचं नाव कुणाला माहीत नाही. कारण उघड आहे. त्या गाड्या थंड हवेला जायच्या. वळणं, दऱ्या, ढग. आमची सपाट रानातून जायची, दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. तिच्यात साहेब बसले नाहीत. कापसाच्या गाठी बसल्या, दुधाचे कॅन बसले, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका बसल्या. फोटोत छान दिसत नाही तो वारसाच नव्हे, असा आपला हिशोब झालाय, आणि तो मला मान्य नाही.

मराठी वाचकाला डभई म्हटलं की १७३१ ची लढाई आठवते. बाजीराव एका बाजूला, त्रिंबकराव दाभाडे दुसऱ्या बाजूला, आणि दाभाडे पडले. ठीक आहे. पण त्याच डभईत पुढे पाच बाजूंच्या लाइनी येऊन मिळाल्या: मियागाम, बडोदं, चांदोद, बोडेली-छोटाउदेपूर आणि समलाया. शंभरावर वर्षं तिथून रोज माणसं येत-जात राहिली. लढाई एका दिवसाची होती. बखरी मात्र तिच्याच लिहिल्या जातात.

आमचं घर दांडिया बाजारात. सकाळी रस्त्यावरून "लीलां मरचां, कोथमीर" अशी हाक आली की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आली वाटतं डभई." घड्याळाकडे बघायची नाही. हाक उशिरा आली तर गाडी लेट, आणि त्या दिवशी आमटीवर कोथिंबीर नाही. प्रतापनगरला उतरलेल्या पाट्या मांडवीकडे, खंडेराव मार्केटकडे, पोळांच्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या, तोंडाशी अशा पांगायच्या. तेव्हाचं बडोदं म्हणजे न्यायमंदिर, सूरसागर, लहरीपुरा दरवाजा हे खरंच, पण त्या दरवाज्यातून आत येणारी मिरची बापूगाडीची असायची.

हे शहर असंच मिसळून शिजलंय. सेव-उसळच घ्या. उसळ आपली, सेव त्यांची, वरची तरी कुणाची यावर अजून एकमत नाही. रात्री दहाला गाडीपाशी उभं राहून खाताना नाकातून पाणी येतं तेव्हा कुणी विचारतही नाही. देवउठी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो. देव पंढरपूरचा, शब्द गुजराती, आणि वाटेत उभ्या असलेल्या आजीबाई दोन्ही भाषांत "जरा सरका" म्हणतात. असो, खाण्यावर आणि वरघोड्यावर गेलो की मी परत येत नाही.

१९८४ ची गोष्ट सांगतो. मी दहा वर्षांचा. आबा गेले त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही अस्थी घेऊन चांदोदला निघालो. बडोद्याच्या मराठी घरांचा तो ठरलेला रस्ता: नर्मदेचा संगम, घाटावरचे गुरुजी, आणि जमलं तर पुढे गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीला. (दत्तभक्तांची दुसरी गाडी मोटी कोरलची, नारेश्वरच्या रंग अवधूतांकडे जाणारी. तेही मूळचे मराठीच, जन्म गोध्र्याचा.) पुठ्ठ्याचं जाडसर तिकीट, कडेला चिमट्यानं पाडलेली खाच. लाकडी बाकडी. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण, आणि काकांचा धपाटा.

आजीच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत तांब्या, तांब्याच्या तोंडाला लाल फडकं बांधलेलं. डब्यात सकाळी माल विकून परत निघालेल्या बायका, रिकाम्या पाट्या बाकड्यावर ठेवलेल्या. त्यांतली एक आजीला म्हणाली, "माजी, थेली नीचे मूको ने, हाथ दुखशे." आजीचं गुजराती तोडकंमोडकं होतं. ती म्हणाली, "नीचे नहीं. एमने लईने जाउं छुं." ह्यांना घेऊन चाललेय. ती बाई काही बोलली नाही. तिनं आपली पाटी उचलून डोक्यावर घेतली, आजीच्या शेजारची जागा मोकळी केली आणि डभईपर्यंत उभी राहिली. जागा भरपूर होती हो. बसली असती तरी चाललं असतं.

टॉय ट्रेन म्हटल्यावर मला का लागलं ते आता कळलं असेल.

आणि बडोद्यात खरी टॉय ट्रेन होती की! लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात आमराईला वळसा घालणारी छोटी लाइन होती, राजघराण्यातल्या मुलांना वाड्यातून शाळेत न्यायला. त्या शाळेच्या इमारतीत आता फत्तेसिंह म्युझियम आहे आणि ते चिमुकलं इंजिन दाराशीच ठेवलंय. ते खेळणं. गोड आहे, बघायला जा. कमाटीबागेतही मुलांसाठी झुकझुकगाडी होती, आमच्या पिढीतलं एकही पोर तिच्यात बसल्याशिवाय मोठं झालं नसेल.

त्याच कमाटीबागेत एक माणूस खऱ्या गाडीची वाट बघत बसला होता. सप्टेंबर १९१७. डॉ. आंबेडकर. बडोद्याच्या स्कॉलरशिपवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले, आणि शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन डझनभर माणसं दारात उभी. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास त्यांनी या बागेत काढले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात.

आम्ही बडोदेकर मराठी मंडळी "आमच्या महाराजांनी स्कॉलरशिप दिली" हे वाक्य लग्नकार्यात, मंडळाच्या स्नेहसंमेलनात, पाहुण्यांसमोर छाती फुगवून म्हणतो. मीही म्हणतो. सयाजीराव तेवढे मोठे होतेच. १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू करणारा राजा दुसरा दाखवा. पण त्या पाच तासांबद्दल आमच्या घरांत कुणी बोललेलं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. बागेत मला कितीदा तरी नेलं होतं. गाडीत बसवलं होतं. बर्फाचा गोळा दिला होता.

कुणी म्हणेल, तुम्ही जुन्याचे भाट. अजिबात नाही. ब्रॉडगेज झालं ते बरंच झालं. बोडेलीच्या मुलीला बडोद्यात कॉलेजला यायचं तर तिनं बापूगाडीत दिवस का घालवावा? डभई-चांदोदची लाइन मोठी होऊन पुढे केवडियापर्यंत गेली, १७ जानेवारी २०२१ ला तिचं उद्घाटन झालं, आता दूरदूरहून थेट गाड्या येतात. येऊ देत. चांदोदवरून जाताना त्यांतल्या कुणी खिडकीबाहेर बघितलं तर आनंदच.

२०१८ मध्ये रेल्वेनं गुजरातमधल्या पाच नॅरोगेज लाइनी वारसा म्हणून जपायचं जाहीर केलं होतं, मिळून २०४ किलोमीटर. डभई-मियागाम त्यांतच. त्या दिवशी मी रावपुऱ्यातून पेढे आणले होते. आज त्या पाचांतलं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं? बिलीमोरा-वघईच्या. तीही गायकवाडीच, तिचा मला हेवा नाही. पण ती डांगच्या जंगलाकडे जाते, पावसाळ्यात हिरवीगार दिसते, व्हिडिओ छान येतात. म्हणजे पुन्हा तेच. दरी-डोंगर असेल तर वारसा, तुरीचं शेत असेल तर भंगार.

गंमत म्हणजे देशभरातले रेल्वे अधिकारी १९५२ पासून कित्येक वर्षं आमच्याच लालबागेतल्या प्रतापविलास पॅलेसमध्ये शिकून बाहेर पडले. त्याच आवारात आता गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. तिथून प्रतापनगर रिक्षानं कितीसं लांब?

माझी मागणी अगदी किरकोळ आहे. इंजिन रंगवलंत, आभार. त्याच्या शेजारी एक लाकडी बाकडं ठेवा. त्यावर एक पाटी, मिरचीची. भिंतीवर जुनं टाइमटेबल आणि तिसऱ्या वर्गाच्या भाड्याचा तक्ता. पहिल्या गाडीला बैल होते हे मोठ्या अक्षरांत, गुजरातीत आणि मराठीतही. मग कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

रविवारचं मगाशी अर्धंच सांगितलं. मी गप्प बसलो नव्हतो. त्या मुलाजवळ गेलो आणि म्हटलं, "बेटा, आ टॉय ट्रेन नथी. आमां हुं बेठेलो छुं." हिच्यात मी बसलोय. मुलानं माझ्याकडे वर-खाली बघितलं, मग इंजिनाकडे. म्हणाला, "तो पछी चालती केम नथी?" मग चालत का नाही?

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बाप अदबीनं म्हणाला, "अंकल, जरा साइड पर आवो ने, फोटो लेवो छे."

बाजूला झालो. सेल्फीत इंजिन मावेना, तेव्हा त्यानं फोन माझ्याच हातात दिला. दोघांचा फोटो मी काढला. दोन पावलं मागे जाऊन, इंजिनाचा नंबर दिसेल असा.