फुल बॅक, जेन्ट्स

"फुल बॅक! फुल बॅक जेन्ट्स कोण आहे?"

शनिवार संध्याकाळ. त्वचारोगाच्या डॉक्टरांचं वेटिंग खच्चून भरलेलं. पिंपल्सवाली कॉलेजची पोरं, लग्न ठरलेल्या दोन मुली, त्यांच्या आया, अंगावर पुरळ उठलेलं एक बाळ, आणि मी. रिसेप्शनवरच्या मुलीपाशी माझं नाव होतं, आडनाव होतं, मोबाइल नंबर होता, आधार कार्डाची झेरॉक्ससुद्धा तिने ठेवून घेतली होती. एवढा ऐवज हाताशी असताना तिने मला माझ्या पाठीच्या नावाने पुकारलं. समोरची आई मुलीच्या कानाशी लागली. मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या टकलाकडे, आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते.

मी हात वर केला. पुरता नाही, कोपरापर्यंत.

"हा फॉर्म वाचून सही करा सर. आतलं पेशंट झालं की तुमचं घेतात."

पूर्वपीठिका एवढीच, की आमच्या घराण्यात पुरुषांच्या डोक्यावर तिशीनंतर काही टिकत नाही आणि पाठीवर काही थांबत नाही. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही उद्योग एकाच हार्मोनचे. डीएचटी त्याचं नाव. डोक्यावरची मुळं तेच सुकवतं आणि पाठीवरच्या मुळांना तेच खतपाणी घालतं. असला कारभार नगरपालिकेने केला असता तर एव्हाना मोर्चा निघाला असता. त्यात डोंबिवलीहून सकाळची फास्ट, अंगाला अंग, घाम, आणि दर उन्हाळ्यात पाठीवर केसतुडं. टेकून बसायची सोय नाही. ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसलो की साहेब विचारणार, "निघायची घाई आहे का?" शेवटी डॉक्टरांनीच लेझरने पाठीवरचे केस काढायचं सुचवलं. हौस म्हणून गेलो नव्हतो, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण तिथे नोंदवायची संधी कुणी दिली नाही.

आदल्या दिवशी पाठ तासून यायची असते. वॅक्सिंग चालत नाही. मूळच उपटलं तर लेझरला खाली काही सापडत नाही, आणि वर केस ठेवला तर तो वरच्या वर जळून कातडी भाजते. म्हणजे मूळ हवं, केस नको. पण स्वतःची पाठ स्वतः तासायला माणसाचे हात चुकीच्या बाजूला बसवले आहेत. बायको म्हणाली, "लग्नात असलं काही ठरलं नव्हतं." मग सलून. आमच्या सलूनवाल्याने बनियन काढायला लावलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि ब्लेडचे वेगळे धरले.

तर फॉर्म हातात घेऊन मी बसतोय, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "अहो, तुम्ही आमच्या सोसायटीतले ना? बी विंग?"

हे काका डी विंगचे. वीज मंडळातून निवृत्त. सोसायटीच्या सभेत यांच्या हातात माइक गेला की लोक घरी जाऊन जेवून परत येतात. मानेवरच्या चामखिळी जाळून घ्यायला आले होते. मला जागा करून द्यायला त्यांनी शेजारच्या मुलाला उठवलं, त्यामुळे पळायची वाट बंद झाली. डोकं पांढरंशुभ्र, एक काळा केस नाही. सगळा काळा माल कानात. दोन्ही कानांतून झुपके बाहेर आलेले, तेही चांगले दणकट.

आमच्या बारावीच्या जीवशास्त्रात हे कानावरचे केस होते. वाय गुणसूत्र, बापाकडून थेट मुलाकडे, आईचा संबंध नाही. या एका वाक्यावर कित्येकांनी मार्क उचलले. पुढे २००४ साली दक्षिण भारतातल्या अशा कानवाल्यांचे डीएनए तपासून पाहिले, तर वाय गुणसूत्राशी काही नातं जुळेना. मार्क मात्र कुणी परत मागितले नाहीत. मदुराईच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या कानातले केस १८.१ सेंटिमीटर भरले आणि त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. सांगायचं काय, तर कानातल्या केसांची आपल्याकडे अशी कदर होते. पाठीवरचे असले की फुल बॅक जेन्ट्स.

"डोक्यावर लावून घ्यायला आलात ना? चांगलं आहे, चांगलं आहे," काका म्हणाले.

"नाही काका. काढायला."

"काढायला?" त्यांनी माझ्या टकलावरून सावकाश नजर फिरवली. "आता आणखी काय काढायचं राहिलंय?"

"पाठीवरचे," मी शक्य तितक्या बारीक आवाजात म्हणालो.

"पाठीवरचे!" काकांनी ते वेटिंगच्या दुसऱ्या टोकाला पोचवलं. "मग इकडचे काढून तिकडे लावा की! एका खर्चात दोन कामं!"

चीड याची, की कल्पना अगदीच वेडगळ नाही. दाढीचे, छातीचे केस काढून टकलावर लावणारे डॉक्टर असतात. पण त्यात एकेक केस मुळासकट जिवंत काढावा लागतो. लेझर मूळ जाळतं. हे सगळं मी समजावून सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

"म्हणजे माल वाया," काका हळहळले. मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. "मशीन किती व्होल्टचं?"

"व्होल्ट माहीत नाही काका. ते ज्यूलमध्ये मोजतात. ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर."

"अर्थिंग बघितलंत?"

"मी?"

"मग कोण? पाठ कोणाची आहे? लोक मशीनला लाखो रुपये घालतात आणि अर्थिंगला रडतात." काका उठले, वॉटर कूलरच्या मागचा स्विचबोर्ड वाकून पाहिला, प्लग हलवून पाहिला, आणि "ढिला आहे" असं जाहीर करून येऊन बसले. मुलींच्या आयांनी तेवढ्यापुरतं हसणं थांबवलं. त्यांच्याही मुलींना त्याच खोलीत जायचं होतं.

"द्या बघू तो फॉर्म. सह्या करायच्या आधी वाचावं माणसाने."

फॉर्म माझा, पाठ माझी, पण चष्मा काकांनी लावला. आणि त्यांनी तो वाचला. मनात नाही. सोसायटीचं मागच्या सभेचं इतिवृत्त ज्या आवाजात वाचतात, त्या आवाजात.

"'रुग्णास समजावून सांगण्यात आले आहे की', सांगितलं का तुम्हाला? 'उपचारानंतर त्वचा लाल होणे, सूज येणे, भाजणे, फोड येणे, डाग पडणे', बापरे, 'या गोष्टी संभवतात.'" पुरळवाल्या बाळाची आई बाळाला घेऊन दोन खुर्च्या पलीकडे सरकली. "'केसांची वाढ कायमस्वरूपी कमी होईल, तथापि केस पूर्णतः नाहीसे होण्याची हमी देता येत नाही.' तथापि! मग बाहेर बोर्डावर ते एवढं मोठं पर्मनंट कशाला?"

इथे मात्र काका माझ्या मनातलं बोलले. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनसुद्धा लेझरवाल्यांना कायमचे कमी करतो एवढंच म्हणू देतं. कायमचे काढतो हे म्हणायचा मान सुईवाल्या इलेक्ट्रोलिसिसचा. ती १८७५ सालची युक्ती. सेंट लुईसच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने पापण्यांचे आत वळलेले केस जाळायला काढलेली. एक सुई, एक केस, थोडी वीज, पुढचा केस. पापणीला ठीक आहे. माझ्या पाठीवर ती सुरू केली तर निम्म्या पाठीपर्यंत येताना डॉक्टर निवृत्त होतील. म्हणून लेझर. बोर्डावर फूटभर अक्षरात पर्मनंट, फॉर्मवर मुंगीएवढ्या अक्षरात तथापि.

"आणि हे काय? 'क्वचित प्रसंगी विरोधाभासी केशवाढ संभवते.' म्हणजे काय हो?"

"म्हणजे," मी म्हणालो, "काही जणांना लेझरने उलट जास्तच केस येतात."

काका थांबले. त्यांनी चष्मा काढला. "पैसे देऊन?"

"हो."

"परत नाही देत पैसे?"

"नाही."

मग ते हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. पिंपल्सवाल्या पोरांनी त्यांना पाणी दिलं आणि तीही हसायला लागली. एवढ्यावर भागलं असतं, पण काकांनी फोन काढला आणि स्पीकरवर टाकला, कारण त्यांना फोन कानाला लावून ऐकू येत नाही. का येत नाही, ते मला दिसत होतं.

"अगं, आपल्या बी विंगचे ते भेटलेत इथे. पाठीचे केस काढायला आलेत."

"कुठले? ते टकले?" काकूंचा आवाज स्वच्छ. रेंजही नको तेव्हा उत्तम.

"हो, तेच. इथेच बसलेत शेजारी."

पलीकडे क्षणभर शांतता. मग काकू सावरल्या. "त्यांना म्हणावं, डाळीचं पीठ नि हळद दुधात कालवून रात्री चोळा. आमच्या भाचीला फरक पडला होता."

भाचीची नि माझी तुलना मी निमूट ऐकून घेतली.

फोन ठेवून काकांनी आवाज खाली आणला. आता ते सल्ल्याच्या मुद्रेत होते. "खरं सांगू? थांबा की दहा वर्षं. आपोआप पांढरे होतील. पांढऱ्याला कोण विचारतंय?"

हेही शास्त्राला धरून आहे, आणि म्हणूनच जास्त लागतं. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्याला जाऊन भिडतो, तिथे त्याची उष्णता होते आणि मूळ जळतं. केसात रंगच नसेल तर लेझरच्या लेखी तिथे केस नाही. हेही मी काकांना सांगून बसलो. माझ्या पाठीवर पांढरे उगवू लागलेतच. ते सगळे सुखरूप राहणार. म्हणजे पॅकेज संपेल तेव्हा मी काळे तेवढे पैसे देऊन काढलेले असतील आणि म्हातारे सांभाळलेले असतील.

"फुल बॅक!" आतून हाक आली. मी जवळजवळ धावत गेलो.

आतलं थोडक्यात. पालथं पडायचं, डोळ्यांवर काळा गॉगल. टेक्निशियन मुलीने पांढऱ्या पेन्सिलीने पाठीवर चौकोन आखले, थंडगार जेल थापलं आणि यंत्र टेकवलं. प्रत्येक ठिणगीसरशी चटका. "दुखतंय का सर?" "छे." "लेव्हल वाढवू?" यावरही छे म्हणता येत होतं, पण तोवर मला हो म्हणायची सवय लागली होती. आणि वास! आषाढात मटणवाल्याकडे मुंडी भाजायला घेतात ना, तोच वास. दरवेळी तो आला की रस्सा आठवायचा. शनिवारी मात्र त्यात मीच होतो.

एका वेळी सगळे केस मरत नाहीत, हेही तिथेच कळलं. जो केस वाढीला लागलेला आहे, तोच लेझरच्या हाती लागतो. बाकीचे खाली झोपा काढत असतात. ते पुढे सावकाश उठणार, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी परत यायचं, मग परत, आणि पुरुषांच्या पाठीला नवे केस फुटायचं वयच संपत नाही म्हणून पुढे वर्षातून एखादं मेंटेनन्स. सोसायटीचा मेंटेनन्स काय कमी होता.

बिलावर वर जीएसटी. आजारावरच्या उपचाराला लागत नाही, पण ही म्हणे सौंदर्यसेवा. मेडिक्लेमवाल्यांनीही हेच कारण देऊन फोन ठेवला. माझं केसतूड ही सौंदर्याची बाब आहे, हे ज्याने ठरवलं त्याने ते घेऊन एकदा उभ्याने ठाकुर्ली ते भायखळा जाऊन दाखवावं. आणि दाढी रोज करणाऱ्या माणसाला कुणी हसत नाही. तोच वस्तरा मानेखाली उतरला की विनोद का होतो? घरी हे तावातावाने बोलून दाखवलं, तर बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, आम्ही पंचवीस वर्षं दर महिन्याला उपटून घेतोय. आमच्यावर कुणी हसायचीसुद्धा तसदी घेत नाही." मेथीची जुडी संपेपर्यंत पुढे कुणी काही बोललं नाही.

पण खरा घाव बाहेर पडताना बसला. शर्ट पाठीला चिकटलेला, आतून आग होतेय, आणि काउंटरवर काका. मानेवर चामखिळींच्या जागी छोट्या पट्ट्या, हातात माझ्यासारखाच फॉर्म.

"कानांचं पॅकेज घेतलं," ते म्हणाले. "म्हटलं, काळे आहेत तोवर उरकून टाकू. तुम्हीच सांगितलंत ना, पांढऱ्यावर चालत नाही. आणि सीनियर सिटिझनला सूट आहे."

मला तशी कुठलीच सूट मिळालेली नव्हती. पण काउंटरवर एक पाटी असते, ती मी वेटिंगमध्ये तोंडपाठ केली होती. नवीन पेशंट आणा, पुढच्या सिटिंगवर पाचशे रुपये सूट मिळवा. मी रिसेप्शनच्या मुलीला म्हणालो, "यांना मी आणलं." तिने फॉर्म पाहिला. 'कोणाकडून समजले' या रकान्यात काकांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: बोर्ड पाहून.

"काका, अहो, मी सांगितलं ना तुम्हाला सगळं?"

"तुम्ही शास्त्र सांगितलंत," काका म्हणाले. "बोर्ड मी आधीच पाहिला होता."

त्यांची पहिली तारीख त्यांनी मुद्दाम माझ्याच दिवशी घेतली आहे. सोबत होईल म्हणाले, रिक्षा अर्धी-अर्धी. येताना टेस्टर आणणार आहेत.