बुद्धिबळाचे मोफत मंडळ खरोखरच मोफत असावे

सांगलीला बुद्धिबळाचे कौतुक नवे नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांचे नूतन बुद्धिबळ मंडळ इथलेच आणि बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसेही याच गावच्या. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून मुलींमध्येही या खेळाची ओढ वाढलेली मला दिसते. मात्र खासगी वर्गांची फी अनेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणूनच आमच्या भागातील वाचनालयात शाळकरी मुलांसाठी मोफत मंडळ सुरू करण्याचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे.

‘फुकटाची किंमत राहत नाही, नाममात्र वर्गणी तरी ठेवा,’ असा सल्ला काही हितचिंतकांनी दिला. तो मला मुळीच मान्य नाही. घरी पन्नास रुपये मागण्याचाही ज्या मुलाला संकोच वाटतो, ते मूल कारण न सांगता यायचे थांबते आणि त्याला गोडीच नव्हती, असा समज करून घेऊन आपण मोकळे होतो.

मोफत म्हणजे कसेबसे उरकलेले, असेही होता कामा नये. घरी खेळणारी मुले प्यादे शेवटच्या घरात पोहोचून त्याचा वजीर करायची वेळ आली, की दुसरा वजीर नसल्याने हत्ती उलटा ठेवून त्यालाच वजीर मानतात. स्पर्धेत मात्र तो उलटा हत्ती हत्तीच धरला जातो आणि हातचा डाव निसटू शकतो. हात लावलेली सोंगटीच खेळायची, चाल खेळल्यावर ती वहीत लिहायची, या सवयी पहिल्या दिवसापासून लावायला हव्यात. लिहिलेला डाव पुन्हा मांडून ‘इथे तू उंट का हलवलास?’ असे विचारले, की मूल स्वतःच कारणे शोधू लागते. माझ्या मते खरे शिकणे तेच.

पहिल्या वर्षी स्पर्धा आणि चषक नकोत, असे माझे ठाम मत आहे. हरलेली मुले आधी गळतात आणि मंडळ तर त्यांच्यासाठीही आहे. वेळ दर रविवारी दुपारी चार ते सहा अशी ठेवली आहे, म्हणजे मुलींना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता येईल.

देणगीपेक्षा आम्हाला रेक्झिनचे पट, जादा वजिरांसह सोंगट्यांचे संच आणि महिन्यातून दोन रविवार नेमाने येऊ शकतील अशी खेळ जाणणारी माणसे हवी आहेत. ज्यांना शक्य असेल, त्यांनी कृपया कळवावे.