हत्ती निघाला, शेपूट राहिलं

ट्रॅक्टर रुतलाय हे ड्रायव्हरला सगळ्यात आधी कळतं आणि तो ते मान्य करतो सगळ्यात शेवटी. मधल्या वेळात तो रेस देत बसतो. मी चांगली चार मिनिटं दिली.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. आमच्या निफाड तालुक्यात या दिवसांत कुणी कुणाला "कसं काय" विचारत नाही, "कितवा दिवस" विचारतात. म्हणजे द्राक्षाच्या छाटणीपासून कितवा. माझ्या बागेचा सतरावा. कोवळी पानं, त्यांच्याआड इवलेसे घड, आणि वरून दोन रात्री पाऊस. अशा हवेत डाउनी ही बुरशी पानाच्या मागच्या बाजूने येते आणि बागायतदाराला पानाच्या पुढच्या बाजूला सोसायटीचं कर्ज दिसू लागतं.

सकाळी आबा बागेत चक्कर मारून आले. खालच्या कोपऱ्यातली मूठभर माती त्यांनी आणली होती. मुठीत दाबून तिचा लाडू केला आणि ओट्यावर सोडला. लाडू फुटला तर वाफसा, म्हणजे जमीन कामाजोगी सुकली, असा हिशेब. हा फुटला नाही. गोवरी थापल्यासारखा चपकन बसला.

"खालच्या चार ओळींत ट्रॅक्टर घालू नको. तेवढ्या पाठीवरच्या पंपाने मार."

दारात २४ एचपीचा फोर-व्हील मिनी ट्रॅक्टर, मागे औषध फवारायचा ६०० लिटरचा ब्लोअर, आणि मी पाठीवर पंप घेऊन फिरू? मी "हो" म्हणालो. आबांना "हो" म्हणायचं आणि मग आपल्याला हवं ते करायचं, ही आमच्या घरातली जुनी पद्धत आहे. त्यांनीही त्यांच्या वडिलांबरोबर तेच केलं.

पहिल्या तीन ओळी झकास झाल्या. चौथीत, म्हणजे खालच्या चारांतल्या पहिलीत, ड्रिपच्या व्हॉल्व्हजवळ, डावं मागचं चाक गरागरा फिरू लागलं. उजवं शांत. डिफरन्शियलचा स्वभावच तसा आहे. ज्या चाकाला फिरायला सोपं, तिकडे सगळा जोर. वळताना तो उपयोगाचा, चिखलात घातक. त्यावर उपाय म्हणून दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं डिफलॉकचं पेडल असतं. ते चिखलात शिरण्याआधी दाबायचं असतं. चाक गरगरत असताना दाबलं तर जो "कडाक" आवाज येतो, तो मी ऐकला आणि ऐकला नाही असं केलं. आता दोन्ही चाकं मिळून खोदू लागली. पुढची दोन मदतीला होतीच. चारही चाकं एकमताने खाली गेली आणि ट्रॅक्टरचं पोट काळ्या मातीवर म्हशीसारखं टेकलं.

इंजिन बंद केलं, तेव्हा शांततेत मला पहिला माणूस दिसला. बांधावर उभा, हात पाठीमागे. आमच्या शिवारात हाक मारून मजूर मिळत नाही, पण ट्रॅक्टर रुतला की दहा मिनिटांत पंधरा माणसं जमतात आणि त्यातली तेरा सल्लागार असतात. कर्णाच्या रथाचा उल्लेख तिघांनी केला, तिन्ही वेळा आपल्यालाच सुचल्यासारखा. एकाने व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. त्यामुळे ही गोष्ट आबांपासून लपवायचा माझा बेत मी खाली उतरायच्या आतच संपला.

"मागच्या दोन्ही चाकांना आडवं लाकूड बांध," पहिला सल्ला आला. "चाक लाकडावर चढतं अन् भसकन बाहेर."

बाहेर येतं, कधी कधी ट्रॅक्टर उलटा होऊनही. हे एक मला ठाऊक होतं. चाक लाकडात अडकून फिरेनासं झालं, तर इंजिनाला फिरवायला दुसरं काय उरलं? खुद्द ट्रॅक्टर. पुढची चाकं उचलतात आणि मशीन मागच्या एक्सलभोवती फिरून ड्रायव्हरच्या अंगावर. पुढचं टोक वर जायला लागल्यापासून पाऊण सेकंदात सावरायची वेळ निघून गेलेली असते. माझा क्लचवरचा पाय तेवढा चपळ असता तर मी मुळात त्या ओळीत रुतलोच नसतो.

लाकूड मी नाकारलं. ही त्या दिवशीची माझी एकमेव शहाणपणाची गोष्ट. ती आधी सांगून ठेवतो, पुढे जागा मिळणार नाही.

मग चुलत भाऊ आपला ५० एचपीचा मोठा ट्रॅक्टर घेऊन समोरच्या रस्त्यावर आला. ओळीच्या तोंडापासून आत दोर टाकला. नायलॉनचा, जाड, निळा. ब्लोअर सोडून ठेवू का, असं मी विचारलं, पण असं की उत्तर "राहू दे" यावं. टाकीत अजून ४०० लिटर औषध होतं, म्हणजे ४०० किलो तर नुसतं पाणीच. त्याची चाकंही माझ्या चाकांनी केलेल्या चरात कलून बसलेली. पण ब्लोअर जोडणारी पिन काढायला चिखलात गुडघे टेकावे लागले असते आणि पंधरा जण बघत होते.

त्या पिनेविषयीही बोललं पाहिजे. मूळची पिन २२ मिलिमीटरची होती, ती पावसाळ्यात गवतात गेली. तिच्या जागी मी घराच्या स्लॅबमधून उरलेल्या १६ च्या सळईचा तुकडा वाकवून घातला होता. सहा मिलिमीटरने काय होतं, असा माझा हिशेब. होतं असं, की जाडी सहाने कमी झाली तरी कापाचं क्षेत्रफळ निम्म्यावर येतं. वर ती कडक केलेलं पोलाद नव्हे, वाकण्यासाठीच बनवलेली सळई.

"झटका दे!" तेरा सल्लागार एका सुरात.

भावाने दोर ढिला सोडला आणि झटका दिला. नायलॉन आधी ताणला, मग त्याने साठवलेलं सगळं एकदम परत दिलं. माझा ट्रॅक्टर उडी मारून दोन फूट पुढे आला. ब्लोअर आला नाही. मागे "कर्रर्र" झालं, मग "टण्ण".

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो. त्या दिवशी तिच्यावर बसून होतो.

ट्रॅक्टरमागच्या लिफ्टच्या दोन हातांमधली, ब्लोअर जोडायची भोकांची पट्टी धनुष्यासारखी वाकली होती. डावा हात बाहेरच्या बाजूला पिळलेला. पीटीओचा, म्हणजे इंजिनाचा जोर ब्लोअरला देणारा, शाफ्ट मधून सरकून दोन तुकड्यांत पडला होता. तो तसाच सरकायचा असतो आणि पीटीओ बंद होता, म्हणून निभावलं. आणि सळई? ती शेजारच्या अण्णांच्या मागे, मांडवाच्या अँगलवर आपटून खाली पडली होती. अँगलला जिथे पोचा आला होता, तिथे अर्ध्या सेकंदापूर्वी अण्णांचं डोकं होतं. चुन्याची डबी हातातून निसटली म्हणून ते वाकले होते. तंबाखूने जीव वाचलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

कुणी काही बोललं नाही. आणि त्या शांततेत बांधावरून आबा उतरले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"दोर जेवढा लांब आहे त्याच्या दुप्पट लांब सगळ्यांनी व्हायचं," ते म्हणाले. "बोलणारा एकच. मी."

पुढचे तीन तास ओढाओढी झालीच नाही. झालं ते खोदकाम. आधी हातमोजे घालून औषध बादल्यांनी ड्रममध्ये काढलं. २० लिटरची बादली, वीस खेपा, कारण ते विहिरीकडच्या चारीत सोडणं आबांना चालणार नव्हतं. हलका झालेला ब्लोअर सहा जणांनी मागे ढकलला. मग फावड्याने पोटाखालचा चिखल मोकळा केला. काळी माती ओली असताना नुसती चिकटत नाही, चोखते. पोटाखाली हवा शिरली की ती अर्धी पकड सोडते. चाकांच्या मागे, पुढे नव्हे, उतरती चर काढली. "आलास ती वाट ट्रॅक्टरचं वजन झेलून बसलीय. पुढची कुणी पाहिलीय?" चरीत छाटणीच्या काड्या आडव्या पसरल्या. मी खताच्या गोण्या आणल्या, तर त्या चाकात गुंडाळल्या जातात म्हणून परत पाठवल्या गेल्या.

शेवटी भावाचा ट्रॅक्टर फिरून मागच्या बाजूला आला. या वेळी दोर नाही, साखळी. तीही लिफ्टच्या हातांना नाही, त्यांच्या खाली हाउसिंगला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ओतीव कवचाला, बोल्टने बसवलेल्या हुकाला. ओढ जितकी खालून, तितका ट्रॅक्टर उलटायला राजी नसतो. साखळी आधी हळूहळू ताठ केली, मग मोठ्या ट्रॅक्टरने पहिल्या गियरमध्ये रेस न वाढवता चालायला सुरुवात केली. मी रिव्हर्समध्ये, चाकं जेमतेम फिरवत. "प्चाक" असा एक आवाज आला, आणि ट्रॅक्टर इतक्या सभ्यपणे बाहेर आला की व्हिडिओ काढणाऱ्याने मध्येच कॅमेरा बंद केला.

दुसऱ्या दिवशी पिंपळगावला वेल्डरकडे. त्याने पिळलेला हात पाहून गॅस पेटवलाच. "लाल करतो, ठोकून सरळ करतो, अर्ध्या तासात घेऊन जा." मी खूश. आबा नाही. तो हात घडीव पोलादाचा असतो, मुद्दाम कडक केलेला. लाल केला की तो कडकपणा जातो आणि दिसायला सरळ हात पुढच्या ओझ्याला आधीपेक्षा लवकर वाकतो. हात नवा घेतला, पट्टीही नवी. बोल्टच्या दुकानात डोक्यावर काहीच न लिहिलेले बोल्ट पुढे आले, "लोखंड ते लोखंड" या तत्त्वज्ञानासह. आबांनी चष्मा लावून ८.८ हा ताकदीचा आकडा छापलेले शोधून काढले. पिन २२ ची घेतली. दोन घेतल्या. एक गवतासाठी.

घरी आल्यावर त्यांनी मुलीच्या दप्तरातला खडू मागितला. हुक जिथे हाउसिंगला बसतो तो भाग रॉकेलने धुतला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड चोळली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पांढऱ्यावर काळी रेघ उमटवतं. आम्ही दोघं बाजेवर बसून तासभर त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिलो. रेघ आली नाही. तेवढ्या वेळात आबा एकच वाक्य बोलले: "ओतीव असतं हे. चिरलं असतं तर वेल्डिंगने नीट झालं नसतं."

त्या चार ओळी मी पाठीवरच्या पंपाने मारल्या. एका ओळीला डाउनी आलीच.

वाकलेली सळई आबांनी ओट्यावरच्या खिळ्याला टांगली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं म्हणून. मागच्या आठवड्यात अण्णा येऊन ती मागून घेऊन गेले. तंबाखू सोडा म्हणून काकू वीस वर्षं मागे लागल्यात, त्यांना दाखवायची होती. अजून परत दिलेली नाही.