आजीला मिकोनोस कशाला दाखवताय?

आज सकाळी एका ग्रुपवर एक पीडीएफ फिरत आली. 'ग्रीस फॅमिली स्पेशल, ६ रात्री ७ दिवस.' पहिली रात्र अथेन्स, मग दोन मिकोनोस, दोन सँटोरिनी, शेवटची परत अथेन्स. जाणार कोण, तर आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि गुडघे धरलेली आजी. खाली सगळ्यांचे 'वॉव' आणि 'ड्रीम ट्रिप'. एकानेही हिशेब करून पाहिला नाही. म्हणून इथे लिहितेय, कारण तिथे लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं.

हिशेब सोपा आहे. पहिला दिवस विमानातून उतरण्यात, सातवा विमानात चढण्यात. उरले पाच. त्यातले तीन बेट बदलण्यात जातात, कारण खोली अकराला सोडायची, पुढची तीनच्या आधी मिळत नाही, मधल्या वेळात बंदर, एक तास आधी पोचणं, बोट, बोटीचा उशीर, उतरल्यावर टॅक्सीची रांग. म्हणजे एवढा खर्च करून अख्खे दिवस हातात आले दोन. एक मिकोनोसला, एक सँटोरिनीला. चार वर्षांच्या पोराच्या वाट्याला समुद्र कमी आणि बॅगेवर बसून वाट बघणंच जास्त.

एकच बेट घ्या हो. एकच! सात दिवसांत एका बेटावर चार रात्री आणि अथेन्सला सुरुवातीची नि शेवटची. आणि कुटुंब असं असेल तर बेट नाक्सोस. (सुट्टी तीन-चार रात्रींचीच असेल तर नाक्सोसही विसरा आणि एजिना गाठा. अथेन्सच्या पिरेअस बंदराहून लहान वेगवान बोटीने पाऊण तास, मोठ्या बोटीने सव्वा तास. पिस्ते, अफाइयाचं देऊळ, पोहायला समुद्र. पुरे.)

'पण सँटोरिनी नाही पाहिलं तर ग्रीस काय पाहिलं?' हे येणारच. मान्य, तो कॅल्डेरा (ज्वालामुखी खचून झालेला खड्डा) दुसरीकडे कुठे नाही. ज्वालामुखीच्या कड्यावर टांगलेली गावं, खाली काळंनिळं पाणी. दोघंच जाणार असाल तर खुशाल जा. पण फोटोत दिसणाऱ्या त्या पांढऱ्या खोल्यांपर्यंत गाडी जात नाही. रस्ता वर संपतो आणि पुढे पायऱ्या, वेड्यावाकड्या उंचीच्या, बऱ्याच ठिकाणी कठड्याशिवाय. कड्यावरची कितीतरी हॉटेलं लहान मुलांना घेतच नाहीत, ते बुकिंगच्या बारीक अक्षरांत असतं. पेरिसा आणि कामारीचे किनारे काळ्या वाळूचे, दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही, आणि पाणी दोन पावलांत खोल होतं. तिथल्या ओइया गावातून सूर्यास्त बघायचा तर तासभर आधी गर्दीत जागा धरायची. त्या पीडीएफमधली आजी हे करणार? ती खोलीत बसणार आणि 'तुम्ही जाऊन या, मी बरी आहे' म्हणणार. मग तिला एवढ्या लांब आणलं कशाला? आणि मिकोनोस तर महागडे बीच क्लब आणि रात्रीच्या पार्ट्यांसाठी नावाजलेलं. आजीला तिथे नक्की काय दाखवणार आहात?

नाक्सोसचं गणित बघा. बंदर, मुख्य गाव (त्याला खोरा म्हणतात) आणि आगियोस गेओर्गियोसचा किनारा, सगळं चालत पंधरा मिनिटांच्या आत. त्या किनाऱ्यावर पाणी लांबवर गुडघाभरच असतं. तिथे मागच्या गल्लीत तळमजल्याचा स्टुडिओ घ्यायचा. बुकिंग करताना तळमजला लिहून मागायचा, नुसतं 'फॅमिली रूम' म्हटलं की दुसरा मजला मिळतो आणि लहान इमारतींना लिफ्ट नसते. खोलीत दोन शेगड्या, फ्रीज, भांडी असतात. आगियोस प्रोकोपियोस, आगिया आना, प्लाका या पुढच्या किनाऱ्यांना बंदराजवळून बस जाते, तिकीट चढण्याआधी काढून ठेवायचं. मिक्री व्हिग्ला पतंगावर सर्फिंग करणाऱ्यांचं, म्हणजे वाऱ्याचं. लहान मुलं तिथे वाळू खातील, टाळा.

एक दिवस भाड्याची गाडी. सांग्रीजवळचं दिमित्रा देवीचं संगमरवरी देऊळ, मग हाल्की गाव, मग अपिरान्थोस, तिथल्या गल्ल्यासुद्धा संगमरवराच्या. परतताना फ्लेरिओला झाडीत पाय मोडून पडलेला अडीच हजार वर्षांपूर्वीचा अर्धवट पुतळा, मुलांना तो हमखास आवडतो. अपोलोनास सोडून द्या, रस्ता नुसती वळणं आहे आणि मागच्या सीटवर ओकाऱ्या होतात. गाडीसाठी आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट लागतं, ते इथूनच आरटीओतून काढून न्या. मुलांची सीट आणि ऑटोमॅटिक गाडी आधी सांगून ठेवा, दोन्ही मोजक्या असतात. विम्यात टायर आणि गाडीचा तळ बहुतेक वेळा येत नाही, त्यामुळे कच्च्या रस्त्याने 'गुप्त' किनारा शोधायला जाऊ नका. आणि त्या चार चाकी मोटरसायकली मुलं घेऊन अजिबात नकोत.

आता बोट. त्या पीडीएफमध्ये सगळ्या बोटी 'हायस्पीड' लिहिल्यात, जणू उपकारच केलेत. वेगवान कॅटामरानला (जोडबोटीला) बसायला उघडा डेक बहुधा नसतो, बंद काचांच्या आत बसायचं, आणि लाट आली की ती आदळते. तिकीटही बरंच महाग. शिवाय वारा वाढला की आधी याच रद्द होतात. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्टेमी वाहतो, आभाळ निरभ्र आणि वारा मात्र दिवसेंदिवस थांबत नाही. पिरेअस ते नाक्सोस वेगवान बोट साडेतीन-चार तास घेते, मोठी साधी बोट पाच-साडेपाच. त्या दीड तासासाठी सगळ्यांना ओकायला लावायचं?

मोठी बोट म्हणजे आपली लाल डब्याची एसटी. वाटेत पारोस बेटाला थांबते, माणसं उतरतात, चढतात, पुढे निघते. डेकवर मोकळी हवा, आत कॅफे, मुलांना हिंडायला जागा. चढताना मागच्या रॅम्पवरून थेट गाड्यांच्या मजल्यात शिरायचं, तिथे बेटांच्या नावांचे रॅक असतात, बॅगा आपल्याच बेटाच्या रॅकवर ठेवायच्या. पासपोर्ट, औषधं, पैसे खांद्यावर. वर जायला बऱ्याच बोटींवर सरकता जिना असतो, आजीसाठी लिफ्ट कुठे आहे ते रॅम्पवरच्या माणसाला तिथेच विचारा. उतरायची घोषणा झाली की लगेच खाली या. बोट धक्क्याला काही मिनिटंच थांबते, रॅम्प पडतो, सगळे एकदम निघतात. चार वर्षांच्या मुलाचं तिकीट फुकट असतं पण काढावं लागतं, पाच ते दहा वर्षांना अर्धं.

पिरेअस हे एक बंदर नाही, ई-१ ते ई-१२ अशी लांबच लांब गेटं आहेत. नाक्सोसच्या मोठ्या बोटी बहुधा ई-६, ई-७ भागातून सुटतात, मेट्रो स्टेशनच्या समोर. तरी आदल्या दिवशी गेट तपासा. विमानतळावरून मेट्रोची तीन नंबरची लाइन २०२२ पासून थेट पिरेअसला येते, साधारण तासभर, मध्ये बदलायचं नाही. एक्स-९६ बस रात्रभर असते. उतरल्या दिवशीच बोट धरायची हुशारी करू नका. युरोपच्या नव्या नोंदणी पद्धतीत आता फोटो आणि बोटांचे ठसे घेतात (बारा वर्षांखालच्यांचे ठसे नाहीत), त्यात किती वेळ जाईल सांगता येत नाही. आणि शेवटची रात्र अथेन्सलाच. वाऱ्याने बोट बंद पडली तर बोटवाला दुसऱ्या दिवशी नेईल किंवा पैसे परत देईल, विमान थांबणार नाही. एवढी एक गोष्ट त्या पीडीएफवाल्याने बरोबर केली आहे, नाइलाजाने कबूल करते.

कधी जायचं? आपल्या शाळांच्या सुट्टीत मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा सोन्यासारखा. मेल्टेमी जोरात नसतो, पाणी पोहण्याजोगं होतं, संध्याकाळी साडेआठला उजेड असतो. एप्रिलमध्ये समुद्र गार, मुलं निळी पडून बाहेर येतात. १ मेला बोटवाले बहुधा संपावर असतात, त्या दिवसाचं तिकीट काढू नका. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरातल्या ईस्टरपेक्षा बऱ्याचदा वेगळ्या तारखेला येतो, तो बघा, कारण त्या आठवड्यात निम्मं अथेन्स बेटांवर निघतं. १५ ऑगस्टच्या (तिथे तो मेरीमातेचा सण) आसपासही तेच. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनो, ऑक्टोबर संपता संपता बेटांवरची हॉटेलं कुलुपं लावतात.

खाण्याची काळजी मात्र सोडा, इथे माझा राग जरा उतरतो. शाकाहारी माणसाला ग्रीसमध्ये उपाशी राहावं लागत नाही. टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे वाल म्हणजे गिगांतेस. पिवळी डाळ घोटून वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल घातलेला फावा, आजीला ब्रेडबरोबर हाच द्या. भेंडी, फरसबी, वांगी तेलात मऊ शिजवलेली. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि सिमला मिरच्या, फक्त आत खिमा नाही ना विचारायचं: 'होरीस क्रेआस', मांसाशिवाय. नाक्सोसचे बटाटे प्रसिद्ध आहेत, ऑलिव्ह तेलात तळून वर तिथलंच ग्राविएरा चीज किसलेलं आलं की मुलं दुसरं काही मागत नाहीत. 'निस्तीसिमो' म्हणजे त्यांच्या उपासाचं, त्यात दूध-अंडं नसतं, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका. ओव्हनमधल्या भाज्या दुपारी ताज्या असतात, रात्री तेच गरम करून येतं. टेबलावर न मागता आलेल्या ब्रेडचे पैसे लागतात, त्यावर हुज्जत घालू नका. इथून मेतकूट, भाजणी न्या. तूप, पेढे, पनीर नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

हॉटेलच्या किमतीत न दिसणारा एक खर्च आहे. एप्रिल ते ऑक्टोबर प्रत्येक खोलीमागे प्रत्येक रात्रीचा सरकारी कर, २०२५ च्या दरांनी तीन तारांकितला ५ युरो, चारला १०, पाचला १५. तो तिथे काउंटरवर भरायचा. त्या पीडीएफमध्ये याचा उल्लेख नाही. पाचही माणसं दोन खोल्यांत सहा रात्री, चार तारांकित: १२० युरो. पहिल्याच संध्याकाळी काउंटरवर वाद होणार.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मेचं जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच अपॉइंटमेंट घ्या, एप्रिलमध्ये तारखाच उरत नाहीत. मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांना ४५, सहाखाली फी नाही, व्हिसा सेंटरचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. आई किंवा बाबा यांपैकी एकच मुलांबरोबर जाणार असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येणारं घ्या आणि बोटीची तिकिटं काढू नका.

आणि तिथे गेल्यावर टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. बेटांवरचे पाइप अरुंद आहेत, तुंबले की दुरुस्तीवाला संध्याकाळपर्यंत येत नाही. मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.