पाण्याला जागा असते: ओल्या ट्रॅकवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रेसिंग गेममधल्या पावसावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ट्रॅक ओला झाला की सगळीकडची ग्रिप, म्हणजे टायरची पकड, वीस-तीस टक्क्यांनी उतरवायची, गेमला तेवढं पुरे. डबकी, निचरा, सुकत जाणारी लाइन (गाड्या नेहमी ज्या मार्गाने जातात तो पट्टा) हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. शिवाय ‘पावसात टायरचं रबर बसलेली लाइन सोडा’ हे मी नियम असल्यासारखं लिहिलं आणि तुमच्या अनुभवात ते दर वेळी खरं ठरत नाही. गाड्यांमागे उडणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याला आणि काचेवरच्या थेंबांना मी नुसती सजावट म्हटलं, तेही तुम्हाला खटकलं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, की स्टिअरिंगच्या चाकाऐवजी पॅडवर (हातातल्या बटणांच्या कंट्रोलरवर) खेळणाऱ्याला या सगळ्याचा उपयोग काय?

रबराबद्दल आणि फवाऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर पुढे येतो. पहिला मुद्दा मात्र मला अजिबात पटलेला नाही.

2003 ची ब्राझीलची फॉर्म्युला वन शर्यत आठवा. इंटरलागोसच्या तिसऱ्या वळणावर पाण्याचा एक ओहोळ ट्रॅक ओलांडून वाहत होता. मोन्तोया तिथे घसरून बाहेर गेला, मायकल शूमाकर तिथेच घसरला, पुढे जेन्सन बटनही तिथेच भिंतीवर आदळला. हेच ड्रायव्हर त्याच टायरवर बाकीचा ट्रॅक फेरीमागून फेरी नीट पार करत होते. 2007 मध्ये जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकवर तेच झालं. पहिल्या वळणावर पाणी साचलं आणि हॅमिल्टन, बटन, रोझबर्ग, सुटिल असे एकामागून एक घसरत वाळूत जाऊन पडले. आता तुमचा वीस-तीस टक्क्यांचा हिशेब या दोन ठिकाणी लावून बघा. ग्रिप सगळीकडे सारखीच कमी केली, तर तिसरं वळण बाकीच्या वळणांसारखंच होतं. ज्या एका गोष्टीने ती शर्यत घडली, तीच पुसली जाते.

दुसरी अडचण आणखी मूलभूत आहे. पाण्यावर टायर तरंगणं हे हळूहळू वाढत जाणारं नुकसान नाही, तिथे उंबरठा असतो. 1960 च्या दशकात नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवर काम करून एक साधं सूत्र मांडलं: पाणी पुरेसं खोल असेल, तर टायर कोणत्या वेगाला पूर्ण उचलला जाईल हे त्यातल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. 30 पीएसआय दाबाला हा वेग ताशी साधारण 90 किलोमीटर येतो. रेसच्या पावसाळी टायरला खोल खाचा असतात आणि ट्रॅकवर पाण्याचा थर बहुतेक ठिकाणी पातळ असतो, म्हणून हा आकडा जसाच्या तसा तिथे लागू होत नाही. पण स्वभाव तोच राहतो. थोड्या कमी वेगाला तुम्ही डबक्यातून निघून जाता, थोड्या जास्त वेगाला स्टिअरिंग हातात असूनही नसल्यासारखं होतं. एका गुणकाने हा उंबरठा दाखवता येत नाही. त्यासाठी त्या क्षणी, त्या टायरखाली किती मिलिमीटर पाणी आहे, हे गेमला माहीत असावं लागतं.

हे माहीत करून घेणं किती कठीण आहे ते सांगतो, कारण तुमच्या ‘एवढं पुरे’मागे बहुधा हाच विचार असावा. 5 किलोमीटर लांब आणि 12 मीटर रुंद ट्रॅक धरा. झाले 60,000 चौरस मीटर. त्याचे 25 सेंटिमीटरचे चौकोन पाडले तर 9 लाख 60 हजार होतात. 10 सेंटिमीटरचे पाडले तर 60 लाख. तासाला 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे या एवढ्या पृष्ठभागावर तासाला 6 लाख लिटर पाणी. ते उतार बघून वाहणार, खोलगट जागी थांबणार, कडेच्या गटारात जाणार. त्यात गाड्या भर घालतात. फॉर्म्युला वनचा पिरेलीचा पूर्ण पावसाळी टायर ताशी 300 किलोमीटरला सेकंदाला 85 लिटरपर्यंत पाणी बाजूला सारतो, असं पिरेलीच सांगते. त्या वेगाला गाडी सेकंदात 83 मीटर जाते, म्हणजे मीटरमागे एका टायरने लिटरभर पाणी उडवलं. ते पाणी ज्या चौकोनातून गेलं तिथे कमी झालं पाहिजे, काही शेजारी पडलं पाहिजे, काही हवेत. सुकणारी लाइन यातूनच तयार होते. आणि ऑनलाइन शर्यतीत हा सगळा हिशेब प्रत्येक खेळाडूच्या मशीनवर जुळायला हवा, नाहीतर माझ्या डबक्यात तुम्ही कोरडे जाल.

गेमनी यातलं किती केलं? 2015 च्या फोर्झा मोटरस्पोर्ट 6 मध्ये डबकी होती आणि त्यात गाडी खेचलीही जायची, पण त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. एकदा पाठ झाली की झाली. 2017 च्या प्रोजेक्ट कार्स 2 मध्ये पाणी ट्रॅकच्या खोलगट जागी साचत जायचं आणि लाइन सुकायची. त्या गेममध्ये इतर बऱ्याच गोष्टी कच्च्या होत्या, तरी पाऊस पडल्यावर तिथे मी पहिल्यांदा ट्रॅकचा उतार वाचायला लागलो. आयरेसिंग 2008 साली सुरू झाला आणि त्यात पाऊस आला 2024 मध्ये. मधली सोळा वर्षं खेळाडू पाऊस मागत होते. ग्रिपचा एक आकडा बदलून भागणार असतं, तर तो आकडा बदलायला सोळा वर्षं लागली नसती.

आता रबर. इथे माझी चूक झाली. मूळ कारण मी बरोबर दिलं होतं: डांबराच्या पृष्ठभागावर बारीक खाचखळगे असतात, नेहमीच्या लाइनवर ते रबराने भरून गुळगुळीत होतात, पाण्याला आत शिरायला जागा उरत नाही आणि टायर व डांबर यांच्यामध्ये थर राहतो. म्हणून कार्टिंगमध्ये पाऊस आला की मुलं वळणाला बाहेरून वळसा घालतात. पण ट्रॅक नवा किंवा खरखरीत असेल, त्यावर रबर फारसं बसलेलं नसेल, तर हा फरक जवळजवळ उरतच नाही. वळणाचा उतार बाहेरच्या बाजूला असेल, तर पाणीही तिथेच गोळा होतं आणि बाहेरची लाइन उलट वाईट ठरते. पाऊस थांबल्यावर तर नेहमीचीच लाइन आधी सुकते, कारण सगळ्या गाड्या तिथूनच जात असतात. तेव्हा बाहेर रेंगाळणारा मागे पडतो. 1993 च्या डॉनिंग्टनच्या शर्यतीत आयर्टन सेना या ड्रायव्हरने पहिल्याच फेरीत पाचव्या जागेवरून आघाडी घेतली, हे उदाहरण मी पुरावा म्हणून दिलं होतं. एका असामान्य ड्रायव्हरच्या एका फेरीवरून नियम काढणं चूकच होतं. मूळ लेखातलं ते वाक्य मी बदलतोय.

फवाऱ्याबद्दल तर तुम्ही मला विचार करायला लावलंत. काचेवरचे थेंब मी अजूनही सजावटच मानतो, कितीही सुंदर असले तरी. 2014 च्या डिसेंबरमध्ये ड्राइव्हक्लब या गेममध्ये आलेला पाऊस मी तासन् तास नुसता बघितला आहे. फवारा मात्र वेगळा. 2021 ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या गाड्या सेफ्टी कारमागून (धोका असताना सगळ्यांना हळू नेणाऱ्या गाडीमागून) काही फेऱ्या फिरल्या, निम्मे गुण वाटले गेले आणि शर्यत संपली. त्या दिवशी मुख्य अडचण दिसण्याची होती. टायर पाणी उपसत होते, पण उपसलेलं पाणी मागच्याच्या तोंडावर येत होतं. त्या पांढऱ्या भिंतीत ब्रेकिंगच्या खुणा दिसत नाहीत, पुढची गाडी किती जवळ आहे कळत नाही आणि मागे राहण्याची खरी किंमत तिथे मोजावी लागते. तेव्हा फवारा पाण्याच्या खोलीशी आणि वेगाशी जोडलेला असेल, तर तो शर्यतीचाच भाग झाला. सगळ्या गाड्यांमागे सारखाच धूर सोडला असेल, तर नाही. हा फरक लेखात करायला हवा होता.

राहिला पॅडचा प्रश्न. टायर सुटताना स्टिअरिंग हलकं पडतं, ते पॅडवर तितकं जाणवत नाही, हे मान्य. पण पावसातल्या शर्यतीतला बराचसा भाग जाणिवेचा नसून निर्णयाचा असतो. ओहोळ कुठे आहे, त्याच्या आधी ब्रेक संपवायचा की नंतर धरायचा, पावसाळी टायर तापायला लागले की सरळ रस्त्यावर मुद्दाम ओल्या पट्ट्यातून न्यायचे का, स्लिक (कोरड्या ट्रॅकचे बिनखाचांचे टायर) लावायला या फेरीत यायचं की पुढच्या. यातला एकही निर्णय हातातल्या चाकावर अवलंबून नाही. पाण्याला जागा नसलेल्या गेममध्ये मात्र हे निर्णय उरतच नाहीत, मग तुमच्याकडे कितीही महाग चाक असो.

नवीन गेम आला की मी एक चाचणी घेतो, तीही पॅडवर होते. हलका पाऊस लावायचा, पंधरा-वीस गाड्या सोडायच्या, दहा फेऱ्या होऊ द्यायच्या आणि पाऊस थांबवायचा. मग एक फेरी नेहमीच्या लाइनने आणि एक फेरी गाडीभर बाजूने काढायची. आणखी पाच फेऱ्यांनी पुन्हा तेच. दोन लाइनींमधला फरक पहिल्या वेळी आणि दुसऱ्या वेळी सारखाच आला, तर त्या गेममध्ये पाणी कुठे गेलंच नाही. तुम्ही सध्या जो गेम खेळताय त्यात हे करून बघा आणि वेळा इथेच टाका; माझ्याकडच्या वेळा मीही खाली देतो.